पीएम रूममधल्या मामांचं नाव कुठल्याच कागदावर नाही : राज्यातल्या सगळ्या जिल्हा शल्य चिकित्सकांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातले सगळे जिल्हा शल्य चिकित्सक, आणि सार्वजनिक आरोग्य विभागात बसून त्यांच्या मागण्यांवर सही करणारे सगळे साहेब-मॅडम यांना,

नमस्कार.

एमबीबीएस झाल्यावर बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष मी मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काढलं. त्याला आता बरीच वर्षं झाली, मी दुसऱ्या जिल्ह्यात प्रॅक्टिस करते, सरकारी नोकरीशी माझा आता काही संबंध नाही. पण गेल्या महिन्यात एक फोन आला आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे. फोन कुणाचा ते शेवटी सांगते, आधी ती पीएम रूम, म्हणजे पोस्टमॉर्टेम करायची खोली, सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अशा खोलीत काम केलेलं असणार, पण सीएस, म्हणजे जिल्हा शल्य चिकित्सक, झाल्यावर तिथे जायची वेळ येत नाही.

आमची पीएम रूम हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, कंपाउंडला लागून होती. एक खोली, मध्ये सिमेंटचा ओटा, वर पिवळा बल्ब, कोपऱ्यात नळ, ज्याला पाणी कधी असायचं कधी नसायचं, म्हणून दोन बादल्या भरून ठेवलेल्या. खिडकी एकच आणि तीही लहान मुलं डोकावतात म्हणून पत्र्याने बंद केलेली. एक्झॉस्ट फॅन होता पण तो फिरताना मी कधी पाहिला नाही. हत्यारं म्हणजे दोन सुऱ्या, एक कात्री, छिन्नी, हातोडी, हातकरवत, आणि बॉडी शिवायला दाभण आणि जाड दोरा. हातमोजे ऑपरेशन थिएटरमधले पातळ, ते पण संपले की नातेवाइकांना मेडिकलमधून आणायला सांगायचे. ज्याचं माणूस सकाळी मेलंय त्याला आपण हातमोजे आणि साबण आणायला पाठवतो, हे मला तेव्हाही बरोबर वाटत नव्हतं पण सगळे तसंच करायचे म्हणून मीही केलं.

आणि तिथे मामा होते. सगळ्या सरकारी दवाखान्यांत असतात तसे मामा. ऑर्डरवर पद सफाईगार. सकाळी वॉर्ड पुसायचे, ओपीडीसमोर झाडायचे, आणि पोलिसाची गाडी आली की कुणीतरी हाक मारायचं, मामा, पीएम आहे. पहिल्या दिवशी मी एप्रन घालून आत गेले तर ते म्हणाले, "मॅडम, तुमी दारात थांबा, म्या सांगतो, तुमी लिव्हा." मी चोवीस वर्षांची होते, कॉलेजात गॅलरीत उभं राहून काही पीएम पाहिलेल्या, हातात सुरी घेतलेली नव्हती. मी दारात थांबले. नाकाला रुमाल लावून. मामा आतून सांगायचे, मॅडम लिव्हर असं आहे, पोटात एवढं निघालं, डोक्यात रक्त साकळलंय, मी जवळ जाऊन बघायचे, लिहायचे आणि सही करायचे. खरं काम त्यांचं, सही माझी. हे फक्त माझ्या दवाखान्यात होत होतं असं कुणी म्हणू नये, माझ्या बॅचचे जे जे अशा ठिकाणी होते त्यांना विचारा.

एक दिवस एसटी स्टँडमागे सापडलेली बेवारस बॉडी आली. नाव नाही, नातेवाईक नाही, आजार काय होता सांगायला कुणी नाही. फार बारीक झालेला माणूस होता, बरगड्या मोजता येतील असा. पीएम संपली आणि मामा शिवायला बसले, आणि शिवताना दाभण हातमोज्यातून डाव्या हाताच्या तळव्यात घुसली. मी पाहिलं. त्यांनी हातमोजा काढला, जखम दाबून दाबून रक्त काढलं, वर स्पिरिट ओतलं, चिंधी बांधली, त्यावर दुसरा हातमोजा घातला आणि राहिलेले टाके पूर्ण केले. मी विचारलं, मामा लागलं का, तर म्हणाले, "काय नाय होत मॅडम, लई झालेत असे." दाबून रक्त काढायचं नसतं, स्पिरिट ओतायचं नसतं, फक्त वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवायचं असतं आणि लगेच पुढच्या गोळ्या-इंजेक्शनचं बघायचं असतं, हे मला परीक्षेत पाठ होतं. त्या दिवशी मी त्यातलं काहीही बोलले नाही. कुठे लिहिलं नाही. आमच्याकडे लिहायला रजिस्टरही नव्हतं, पण साध्या कागदावर तरी लिहिता आलं असतं.

पुढे काही वर्षांनी मामांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, त्याआधीच्या रक्ततपासणीत हेपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी आणि लिव्हर खराब करणारी कावीळ, निघाला. लिव्हर तोपर्यंत खराब झालेलं. मग पोटात पाणी, मग सिव्हिलच्या चकरा, मग दर काही दिवसांनी पाणी काढणं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मला उशिरा कळलं.

त्यांना तो आजार पीएम रूममध्येच लागला असं मी शपथेवर सांगू शकत नाही. हेपॅटायटिस बी इतर मार्गांनीही होतो, कदाचित जन्मापासून असेल, कदाचित दाढी करताना न्हाव्याच्या वस्तऱ्यातून आला असेल. आणि माझं म्हणणं तेच आहे, की कुणीच सांगू शकत नाही. नोकरीला लागताना त्यांचं रक्त तपासलेलं नव्हतं, लस दिलेली नव्हती, वर्षाला तपासणी नव्हती, वीस-बावीस वर्षांत हाताला किती वेळा लागलं त्याची एक ओळ नोंद नव्हती. त्यामुळे घरच्यांनी अर्ज केला तेव्हा उत्तर आलं की आजार कामामुळे झाल्याचा पुरावा नाही. पुरावा कुठून येणार, पुरावा तयार करायचं काम आमचं होतं, ते आम्ही केलं नाही.

आमच्या पीएमच्या फॉर्मवर मयताचं नाव असायचं, पोलीस स्टेशन असायचं, बॉडी घेऊन आलेल्या कॉन्स्टेबलचं नाव आणि बक्कल नंबर असायचा, बॉडी किती वाजता आली, पीएम किती वाजता सुरू झाली, किती वाजता संपली, डॉक्टरचं नाव, सही, शिक्का. ज्याने छाती उघडली, कवटी फोडली, व्हिसेरा (तपासणीला पाठवायचे अवयवांचे तुकडे) बरणीत भरला आणि बॉडी परत शिवून नातेवाइकांना बघता येईल अशी केली त्याच्यासाठी एक रकाना नव्हता.

आम्हाला मेडिकलला एक गोष्ट सगळ्यांना शिकवतात. १८४७ साली व्हिएन्नामध्ये याकोब कोलेचका नावाचे न्यायवैद्यकाचे प्राध्यापक पीएम करत असताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांच्या बोटाला लागली आणि त्या इन्फेक्शनने ते वारले. त्यांची स्वतःची पीएम झाली, निष्कर्ष लिहिले गेले, आणि त्यांचे मित्र इग्नाझ सेमेलवाइस यांनी ते वाचले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बाळंतरोगाने मरणाऱ्या बायकांच्या शरीरात हेच सापडतंय, म्हणजे पीएम रूममधून डॉक्टरांच्या हातावर काहीतरी बाळंतिणींपर्यंत जातंय. त्याच वर्षी त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि बाळंतिणींचे मृत्यू एकदम खाली आले. आज आपण पीएम रूममध्ये जी हायपोक्लोराइटची, म्हणजे क्लोरीनच्या जंतुनाशकाची, बादली ठेवायला सांगतो ती त्याच विचारातून आलेली आहे. म्हणजे एका माणसाच्या बोटाला लागलेली सुरी कुणीतरी नीट लिहून ठेवली म्हणून जगाला हात धुणं कळलं. कोलेचका प्राध्यापक होते म्हणून लिहिलं गेलं. स्टेथोस्कोप शोधणारे लेनेक यांनी मणके करवतीने कापताना बोटाला झालेली जखम आणि तिथे आलेली गाठ स्वतःच लिहून ठेवली, ते पुढे १८२६ साली टीबीनेच गेले. पीएम करणाऱ्यांच्या बोटावर टीबीची अशी चामखीळ येते हे वैद्यकशास्त्राला दोनशे वर्षांपासून माहीत आहे. आपल्या मामांच्या बोटांवर काय काय आलं आणि गेलं ते कुणाला माहीत नाही.

आता काही जण म्हणतील, मेलेल्या माणसापासून एवढं काय होतंय, तो काय खोकतो का. हे मी शिकलेल्या लोकांकडूनही ऐकलंय. मेलेला माणूस खोकत नाही, बरोबर, पण छाती उघडून फुफ्फुस बाहेर काढताना ते दाबलं जातं, कापलं जातं, वर पाण्याचा पाइप मारला जातो, आणि या सगळ्यात बारीक थेंब हवेत उडतात, आणि ज्या खोलीची खिडकी पत्र्याने बंद आहे तिथे ते बराच वेळ तरंगत राहतात. जगातल्या टीबीच्या पेशंटपैकी साधारण चौथा भाग आपल्या देशात आहे, आणि पीएमला येणाऱ्या बॉडीत कित्येकदा टीबी जिवंतपणी कधी निदानच झालेला नसतो. साध्या निळ्या मास्कने हे अडत नाही, रुमालाने तर नाहीच, त्याला एन-९५ लागतो आणि तोही चेहऱ्याला घट्ट बसलेला. हेपॅटायटिस बीचा व्हायरस वाळलेल्या रक्तातही कमीत कमी सात दिवस टिकतो, ओट्याच्या कडेला, करवतीच्या दात्यांत, एप्रनच्या खिशात. थंड ठेवलेल्या बॉडीत एचआयव्ही मृत्यूनंतर दोन आठवड्यांहून जास्त दिवसांनी जिवंत सापडलेला आहे. लस न घेतलेल्या माणसाला हेपॅटायटिस बी असलेल्या रक्ताची सुई टोचली तर शंभरात तीसपर्यंत जणांना लागण होऊ शकते, एचआयव्हीचं तेच प्रमाण हजारात तीनच्या आसपास आहे. लोक एचआयव्हीला घाबरतात आणि ज्याची लस शीतपेटीत पडून आहे त्या रोगाचं कुणाला काही वाटत नाही.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मृत्यूचं कारण माहीत नाही म्हणूनच तर बॉडी पीएमला येते. वॉर्डातल्या पेशंटचे निदान रिपोर्ट तरी असतात, इथे पोलीस पंचनाम्यात एवढंच असतं की अमुक ठिकाणी मयत स्थितीत मिळून आला. २००९ च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, २०१६ पासून सिंधुदुर्गात माकडताप आला, दर पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) असतो. अशा साथीत सुरुवातीचे काही जण कशाने गेले हे कळायच्या आधी पीएम रूमच्या मामांचे हात त्यांच्या शरीरात जाऊन आलेले असू शकतात. म्हणून "ही बॉडी एचआयव्हीची आहे का बघा, असेल तर जपून करा" ही पद्धत उपयोगाची नाही. प्रत्येक बॉडी इन्फेक्शन असलेलीच आहे असं धरून काम करायचं, म्हणजे कुणाच्या आजाराचा बोभाटाही होत नाही आणि कुणाची बॉडी ताटकळत पण राहत नाही.

(विषाचं वेगळंच आहे. आमच्या भागात फवारणीचं औषध पिऊन आलेल्या बॉडी खूप, पोट उघडलं की डोळे चुरचुरायचे आणि डोकं धरायचं. सल्फासच्या (धान्यात ठेवायच्या कीडनाशक) गोळ्या खाल्लेल्याच्या पोटातून तर विषारी गॅसच बाहेर येतो. फॉर्मलिनने कॅन्सर होऊ शकतो हेही आता मान्य झालेलं आहे. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल, पण बंद खिडकी या सगळ्याला सारखीच कारणीभूत आहे.)

साहेब, यातलं काहीच तुम्हाला नवीन नाही हे मला माहीत आहे. कायदेही आहेत. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम सांगतात की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामाला लागताना आणि त्यानंतर दरवर्षी ट्रेनिंग द्यायचं, कामाला लागताना आणि वर्षातून एकदा तरी आरोग्य तपासणी करायची, आणि त्याची नोंद ठेवायची. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याचं कलम १९ सांगतं की जिथे लागण होण्याचा धोका आहे तिथे काम करणाऱ्या सगळ्यांना संरक्षणाची साधनं, ट्रेनिंग आणि टोचल्यानंतरच्या गोळ्या मिळाल्या पाहिजेत. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायामुळे होणाऱ्या आजारांची जी यादी होती तिच्यात संसर्गजन्य रोग अगदी वरच होते. मे २०२० मध्ये कोविडच्या काळात आयसीएमआरने (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) लेखी सांगितलं की कोविडने गेलेल्यांची मेडिकोलीगल (पोलीस केसची) पीएम चिरफाड न करता करा, आणि कारण दिलं की डॉक्टरांना आणि पीएम रूमच्या स्टाफला धोका आहे. म्हणजे या खोलीत माणूस आजारी पडू शकतो हे सरकारने मान्य केलेलं आहे. त्या दिवसांत मामांना आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण किट मिळालं, त्यांनी त्याचा फोटो मला पाठवला होता, ओळखूही येत नव्हते. साथ ओसरली, किट बंद झालं. टीबी आणि हेपॅटायटिस तर कोविडच्या आधीही होते आणि आताही आहेत.

मग अडतं कुठे. माझ्या मते कागदावर अडतं. लस द्यायची यादी निघते तेव्हा त्यात स्टाफ नर्स असतात, लॅब टेक्निशियन असतात, डॉक्टर असतात. सफाईगार कधी असतो कधी नसतो, कंत्राटी असेल तर एजन्सीचा माणूस म्हणून सोडून देतात. मास्क-ग्लोव्हजची मागणी विभागवार जाते, ओटी, लेबर रूम, लॅब, आणि पीएम रूम हा विभागच नसतो. पद सफाईगाराचं असल्यामुळे तो सुरी हातात घेतो हे कुठेच अधिकृत नाही, आणि जे अधिकृत नाही त्यात लागलेली जखमही अधिकृत नाही. म्हणून माझी पहिली मागणी पैशांची नाहीच. तुमच्या जिल्ह्यात, ग्रामीण रुग्णालयं, उपजिल्हा रुग्णालयं, आणि जिथे पीएम होतात ती प्राथमिक आरोग्य केंद्रं धरून, प्रत्यक्ष बॉडीला हात कोण कोण लावतं त्या माणसांची नावासकट यादी करा. कायम, कंत्राटी, रोजंदारी, आणि अनधिकृतपणे बोलावला जाणारा बाहेरचा माणूस पण, कारण असे आहेत हे तुम्हालाही माहीत आहे. आणि प्रत्येक पीएमच्या कागदावर, नाहीतर निदान पीएम रूमच्या स्वतंत्र रजिस्टरवर, त्या दिवशी मदतीला कोण होतं त्याचं नाव आणि "इजा झाली / नाही" एवढं लिहायला लावा. याला मंत्रालयातून जीआर यायची वाट बघावी लागत नाही, तुमच्या सहीचं एक पत्र पुरतं.

नाव आलं की बाकीचं मागता येतं. हेपॅटायटिस बीचे तीन डोस, आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी, बाहेरून विकत घेतले तरी काहीशे रुपयांत होतात, रुग्ण कल्याण समितीच्या पैशांत सहज बसतात. तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तात अँटीबॉडी आल्या का ते बघायचं, कारण काहींना येत नाहीत, हे बघणं मात्र जवळपास कुठेच होत नाही. आणि डोस द्यायच्या आधी रक्त तपासा, आधीच लागण असेल तर लवकर उपचार सुरू होतील, मामांसारखं हर्नियाच्या वेळी कळायला नको. वर्षातून एकदा टीबीची तपासणी, लक्षणं विचारून आणि एक्स-रे काढून, एक्स-रे मशीन त्याच आवारात असतं.

हाताला लागलं तर काय करायचं ते मराठीत, मोठ्या अक्षरात, पीएम रूमच्या भिंतीवर पाहिजे, आणि वाचता येत नसेल तर कुणीतरी करून दाखवलं पाहिजे. धुवायचं, दाबायचं नाही, तोंडात घालायचं नाही, लगेच कॅज्युअल्टीला जायचं. एचआयव्हीसाठीच्या गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला पाहिजेत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही, आणि २८ दिवस घ्यायच्या असतात. लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) शक्यतो २४ तासांत. गोळ्या सरकारी यंत्रणेत फुकट आहेत, पण रविवारी दुपारी तालुक्याच्या ठिकाणी कपाटाची चावी कुणाकडे आहे हे कुणाला माहीत नसतं. त्या चावीचं बघा, प्लीज. आणि हेपॅटायटिस सीला तर लसच नाही, तिथे टोचून न घेणं हाच उपाय.

टोचून न घेणं यावर थोडं सविस्तर लिहिते कारण यावर कुणी बोलतच नाही. बहुतेक जखमा तीन ठिकाणी होतात, बरगड्यांच्या कापलेल्या टोकांना हात घासून, पोटाच्या खोल भागात न दिसता सुरी चालवताना, आणि शेवटी शिवताना. पहिल्याला उपाय म्हणजे छाती उघडली की बरगड्यांच्या कडांवर जाड टॉवेल टाकायचा, एवढंच. दुसऱ्याला चांगला उजेड, बोथट टोकाची कात्री, आणि एका वेळी एकाचाच हात आत. सुरीपासून वाचवणारे जाळीचे किंवा जाड विणीचे हातमोजे मिळतात, ते दोन रबरी हातमोज्यांच्या मध्ये घालायचे, पण ते सुई अडवत नाहीत हे सांगणं फार गरजेचं आहे, नाहीतर माणूस बिनधास्त होतो. शिवताना कातडी बोटांनी धरायची नाही, चिमट्याने धरायची, दाभणाऐवजी वाकडी सुई आणि ती धरायला होल्डर. हा होल्डर तुमच्या ओटीत डझनाने पडलेला आहे, दोन जुने पीएम रूमला द्या.

आणि कृपा करून आधुनिकीकरण म्हणून घाईने इलेक्ट्रिक करवत घेऊ नका. ती दिसायला चांगली असते, वेळ वाचतो, पण हाडाचा आणि रक्ताचा इतका बारीक फवारा उडवते की बंद खोलीत ती हातकरवतीपेक्षा वाईट. घ्यायचीच असेल तर सक्शनवाली घ्या. नाहीतर हातकरवत, ओलं कापड आणि डोक्याभोवती प्लास्टिकची मोठी पिशवी, एवढ्यावरही बराच फरक पडतो. हवा तासाला बारा वेळा बदलली पाहिजे असं नियमांत असतं, ते मोठ्या मेडिकल कॉलेजला जमेल. ग्रामीण रुग्णालयात तो पत्रा काढा, खिडकीला जाळी आणि आडोसा करा, दाराच्या समोरच्या भिंतीला मोठा चालू एक्झॉस्ट लावा ज्याची हवा वॉर्डाकडे जाणार नाही, आणि मामांना हवा येते त्या बाजूला उभं राहून काम करता येईल असा ओटा फिरवा. जिल्हा नियोजन समितीकडे रंगरंगोटीला आणि कमानीला पैसे मागतो आपण, त्याच फाइलमध्ये हे पण टाका. आणि एक नळ, कोपराने बंद होणारा, आणि आंघोळीची जागा, कारण मामा त्याच कपड्यांत सायकलवर घरी जायचे आणि ते कपडे मामी घरच्या बादलीत धुवायच्या. त्यांचंही रक्त तेव्हा कुणी तपासलं नव्हतं.

आता माझ्यासारख्या डॉक्टरांना. बॉण्डवर असाल, वैद्यकीय अधिकारी असाल, दारात थांबू नका. कायद्याने पीएम आपण करायची असते, मदतनीसाने मदत करायची असते. आपण आत उभे राहिलो ना, की खिडकीचा पत्रा आठवड्यात निघतो, एन-९५ची मागणी त्याच दिवशी जाते, कारण मग श्वास आपलाही असतो. मी दारातच थांबले म्हणून मला ते जाणवलं नाही. आणि मामांना दारूची बाटली दिल्याशिवाय हात चालत नाही असं आपण सहज बोलतो, आठवड्यापूर्वीची विहिरीतून काढलेली बॉडी मास्कशिवाय, एकट्याने, फिरणाऱ्या पंख्याशिवाय करायला लावली तर कुणाचा हात चालेल ते सांगा. प्यायलेल्या हातात सुरी म्हणजे जखम होणारच, हे सगळ्यांना दिसतं. ती दारू आपणच तिथे आणून ठेवली आहे.

फोनचं सांगायचं राहिलं. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, आणि ज्या घरांत पिढ्यानपिढ्या दुसरं काही मिळू दिलं नाही तिथे ही नोकरी म्हणजे मोठा आधार आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मामांचा मुलगा त्यांच्या जागी लागला. बारावी झालेला पोरगा आहे, लहान असताना पीएम रूमच्या बाहेर बाभळीखाली गोट्या खेळायचा, वडील बाहेर येईपर्यंत. त्याने फोन केला, "मॅडम, ऑर्डर निघाली, पप्पाच्याच दवाखान्यात, सफाईगार म्हणून. काल पीएमला बोलावलं. काही इंजेक्शन वगैरे घ्यायचं असतं का आधी?"

मी विचारलं तिथे कुणी काही सांगितलं का. तो म्हणाला नाही, हातमोजे दिले एक जोड. खिडकीला पत्रा आहे का विचारलं, तो म्हणाला आहे, गंजलाय आता.

पुढच्या रविवारी तो आणि त्याची आई माझ्या क्लिनिकवर आले. दोघांचं रक्त तपासलं, दोघेही निगेटिव्ह आले. त्याला पहिला डोस मी दिला, दुसरा पुढच्या आठवड्यात आहे, तोही मी देईन. तिसरा फेब्रुवारीत आहे. तो डोस त्याला त्याच्या दवाखान्यात, त्याच्या नावासमोर रजिस्टरला नोंद करून मिळावा, आणि त्याच रजिस्टरमध्ये त्याच्यासोबत आत काम करणाऱ्या दुसऱ्या कंत्राटी माणसाचंही नाव असावं. फेब्रुवारीला अजून पाच महिने आहेत. मी त्याला फोन करून विचारणार आहे.

आपली,
मराठवाड्यात बॉण्ड केलेली एक डॉक्टर